होता, होती, होतं

नाशिकच्या एका तरुण लेखकाचा प्रश्न आहे. तो आठ भागांची वेबसिरीज लिहितोय. नायिका जुई, वय २९, फिजिओथेरपिस्ट. कॉलेजात असताना तिचं मुग्धा नावाच्या मुलीवर प्रेम होतं आणि ते तीन वर्षं टिकलं. आता ती निखिलच्या प्रेमात आहे, दोघांचं लग्न ठरलंय. निर्माता म्हणतो, "ती नक्की काय आहे ते एकदा ठरव. लेस्बियन असेल तर लग्न मोडू. नसेल तर मुग्धा काढून टाकू." प्रश्न असा की टीव्हीवर बायसेक्शुअल, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोन्ही आवडू शकणारी, पात्रं दिसतच का नाहीत, आणि जुईचं आता काय करायचं?

वयाने माझ्या मुलाएवढा असशील म्हणून अरे-तुरे करते. मी गेली २२ वर्षं मालिका लिहिते आहे. आधी दुसऱ्यांच्या पटकथेवर संवाद लिहिले, मग पटकथा, हल्ली कथाविस्तारही. एवढ्या काळात बायसेक्शुअल पात्रं लिहिली दोन, पडद्यावर पोचली शून्य. तेव्हा हे उत्तर जमलेल्या बाईचं नाही, अडलेल्या बाईचं आहे. पण कुठे अडतं ते मी फार जवळून पाहिलंय. तुझ्या निर्मात्याचं पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "प्रेक्षक कन्फ्यूज होईल."

चॅनल घाबरतं, समाज तयार नाही, जाहिरातदार पळतात, हे सगळं तू ऐकलं असशील. ते खोटं नाही. पण ते 'गे पात्रं कमी का' या प्रश्नाचं उत्तर आहे. गे पात्र निदान कुठल्या तरी दाराने आत येतं. पूर्वी ते हसण्याचा विषय म्हणून यायचं, मग नायिकेचा मित्र म्हणून, हल्ली वेबवर नायक म्हणूनसुद्धा. बाय पात्राची अडचण वेगळी आहे आणि ती आमच्या धंद्यातच आहे. पडद्याला माणूस कळतो तो शेजारी कोण उभं आहे त्यावरून. दोन बायका हातात हात घालून दिसल्या की प्रेक्षकाचा निकाल लागला. बाई आणि पुरुष दिसले की तोही लागला. ज्याला दोन्ही आवडू शकतात तो माणूस एका फ्रेममध्ये दिसतच नाही. त्याला दाखवायचं तर काळ हातात लागतो, आधी कोण होतं आणि आता कोण आहे हे दोन्ही शेजारी ठेवावं लागतं. मालिकेत भूतकाळ आम्ही एकाच कामाला वापरतो: गुपित म्हणून पुरायचा आणि टीआरपी पडला की उकरायचा.

आधी शब्दाचं सांगते, कारण माझी पहिली ठेच तिथेच लागली. एका मीटिंगमध्ये मराठीत बोलावं म्हणून मी 'उभयलिंगी' म्हणाले. समोरच्या ईपीने, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरने, लॅपटॉपवरून मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे गांडूळ?" तो चेष्टा करत नव्हता. आपण सगळे शाळेत तेच शिकलोय. गांडूळ उभयलिंगी, जास्वंदीचं फूल उभयलिंगी, एकाच शरीरात दोन्ही. कोण कुणाच्या प्रेमात पडतं याच्याशी त्या धड्याचा काही संबंध नाही. म्हणून चळवळीतले लोक 'उभयलैंगिक' म्हणतात. ते अर्थाने बरोबर आहे, पण संवादात टाकून बघ, पात्र परिपत्रक वाचायला लागतं. 'बाय' चालतं, तेही वीस-पंचविशीतल्या मुलांच्या तोंडी. बाकी मराठीत या माणसासाठी जे तयार आहे ते सगळं टोमण्याचं: दोन दगडांवर पाय, तळ्यात-मळ्यात, ना धड इकडचा ना धड तिकडचा. गे मुलाला लोक नाही नाही ते बोलतात, पण 'तुझं ठरत नाही' हा आरोप मुख्यतः याच्याच वाट्याला येतो. पात्र कागदावर उतरायच्या आधीच भाषेने ते डळमळीत ठरवून ठेवलंय.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. अमेरिकन टीव्हीने ते सगळं आपल्या आधी करून ठेवलंय, चुकांसकट. फेब्रुवारी १९९१ मध्ये 'एल.ए. लॉ' या वकिलांच्या मालिकेत सी. जे. लॅम्ब आणि अ‍ॅबी या दोघी सहकारी एकमेकींचं चुंबन घेतात. तिथल्या मोठ्या नेटवर्कवरचं दोन बायकांमधलं पहिलं चुंबन म्हणून त्याचं नाव घेतात. सी. जे.ला स्त्री आणि पुरुष दोन्ही आवडतात असं मालिकेने मान्य केलं होतं. आता महिना बघ. फेब्रुवारी हा तिकडे 'स्वीप्स'चा महिना. त्या महिन्यांच्या प्रेक्षकसंख्येवर स्थानिक जाहिरातींचे दर ठरायचे. चुंबनाचा गाजावाजा झाला, त्या दोघींचं पुढे मात्र काही झालं नाही. नंतर कितीतरी मालिकांनी स्वीप्सच्या महिन्यात असं एकेक चुंबन लावलं आणि महिना सरला की विषय गुंडाळला. आपल्याकडे महाएपिसोडला लग्नमंडपात गोळी सुटते आणि सोमवारी कळतं की खांद्याला चाटून गेली, तसलाच प्रकार.

बरं, जिथे प्रामाणिकपणे लिहिलं तिथेही एक गंमत झाली. 'बफी'मधली विलो आधी ओझ नावाच्या मुलावर जीव ओवाळून टाकते. ते प्रेम खोटं होतं असं मालिकेने कधी सुचवलं नाही. पुढे ती टाराच्या प्रेमात पडते आणि तिथून पुढे ती 'गे'. ओझचं काय झालं? पुसला गेला. मला ती मालिका आवडते आणि त्या काळात ते धाडसच होतं, पण दुसरं प्रेम आलं की पहिलं रद्द, हा हिशेब तिथेही आहे. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' २०१३ साली आली. नायिका पायपरची होणाऱ्या नवऱ्याशीही गुंतवणूक आणि जुन्या मैत्रिणीशीही. तरी तिला काय म्हणायचं ते सरळ म्हणायला मालिका सीझनमागून सीझन कचरली, आणि त्यावर टीकाही झाली. 'सेक्स अँड द सिटी'मध्ये तर २०००च्या एका भागात कॅरी एका बायसेक्शुअल मुलाला भेटते आणि असं काही खरंच असतं का, की हा गे व्हायच्या वाटेवरचा थांबा, अशी शंका काढते. मोकळेपणासाठी नावाजलेली मालिका! आणि बाय पात्र धीट दाखवायचं ठरलं की त्याचं होतं गूढ, धूर्त, पायात बूट चढवून लोकांची गुपितं काढणारं. 'द गुड वाइफ'मधली कलिंदा शर्मा बघ. आर्ची पंजाबीने ती इतकी झकास केली की २०१० साली तिला एमी पुरस्कार मिळाला. पण कलिंदाचं पुरुष आणि बायका दोन्हींकडे ओढलं जाणं हे तिच्या 'हिचा थांग लागत नाही' या गुणाचाच भाग म्हणून येतं.

ग्लाड नावाची संस्था तिकडे दरवर्षी टीव्हीवरची अशी पात्रं मोजते. त्यात बाय पात्रांमध्ये बायकाच जास्त, पुरुष कमी, हे चित्र वर्षानुवर्षं आहे. दुसरीकडे गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या अलीकडच्या पाहण्यांमध्ये स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्या अमेरिकन प्रौढांपैकी अर्ध्याहून अधिक जण बायसेक्शुअल आहेत. म्हणजे त्या गर्दीतला सर्वांत मोठा गट पडद्यावर लहान, आणि त्यातले पुरुष जवळजवळ अदृश्य. बाय बाई पुरुष प्रेक्षकाला चाळवायला चालते, बाय पुरुषाची त्याला अडचण होते. याहून सभ्य कारण मला सापडलेलं नाही.

आता माझ्या घरचं. मालिका सांगलीकडच्या एका एकत्र कुटुंबाची होती. चॅनलचं नाव विचारू नकोस. धाकटा दीर समीर पुण्याहून नोकरी सोडून घरी आलाय, नेहाशी त्याचं जुळतंय. थोरली वहिनी हे त्याचं मन मोकळं करायचं ठिकाण. दुपारची वेळ, दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेत. मी लिहिलेला पहिला खर्डा माझ्याकडे अजून आहे:

वहिनी: पुण्यात कुणी होतं का रे?
समीर: होतं.
(वहिनीचा हात थांबतो.)
वहिनी: होतं काय? होती म्हण की.
(समीर एक शेंग सोलतो. दाणे पातेल्यात टाकतो.)
समीर: होता.
(पॉज.)
वहिनी: आणि नेहा?
समीर: नेहा आहे.

एवढंच. ना पार्श्वसंगीत, ना तीनदा चेहऱ्यावर झूम. यात मी काही थोर केलं नव्हतं, मराठीनेच केलं होतं. इंग्रजीत 'माय एक्स' म्हणून सुटका होते. मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं, तो आला की ती आली हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. पण आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, आणि लपवणारी माणसं बरोबर तिथे आसरा घेतात. 'कुणीतरी होतं.' 'एक जण भेटलं होतं.' किंवा आदरार्थी, 'ते यायचे कधीकधी.' माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांनी आपल्या आयुष्यातल्या माणसाबद्दल दहा वर्षं माझ्याशी 'होतं'मध्ये गप्पा मारल्या. मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा लेखक म्हणून लाज वाटली. त्या 'होतं'वरूनच हा सीन सुचला. आणि 'आहे'ला लिंग नाही, म्हणून शेवटचं वाक्य 'नेहा आहे'. तिथे समीरला काही लपवायचं नाही आणि काही सोडायचंही नाही.

मीटिंग गुरुवारी होती. गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात, त्या दिवशी नवीन काही ऐकवू नये हे मला तोवर कळायला हवं होतं. क्रिएटिव्ह हेडने सीन वाचला, चांगला आहे म्हणाली, आणि मग असं झालं.

"म्हणजे समीर गे आहे."
"नाही."
"मग तो नेहाला फसवतोय."
"नाही. नेहाला माहीत आहे. त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलंय."
"मग ड्रामा कुठे आहे?"

ती बाई बिनडोक नव्हती आणि तिचे विचारही जुनाट नव्हते. तिच्या सख्ख्या मित्रांत अशी माणसं होती. तिचा प्रश्न पूर्णपणे धंद्याचा होता आणि बरोबर होता. रोजची मालिका 'कुणाला तरी माहीत नाही' या एका इंजिनावर चालते. सासूला माहीत नाही की सून डॉक्टर आहे, नवऱ्याला माहीत नाही की मूल त्याचं आहे. बावीस मिनिटांच्या भागात शेवटी कुणीतरी दाराआडून काहीतरी ऐकायला हवं, म्हणजे उद्या लोक परत येतात. जो माणूस सगळं सांगून बसलाय तो मालिकेच्या काही कामाचा नाही. म्हणून बाय पात्र मालिकेत शिरलं की दोनच कामं त्याच्या वाट्याला येतात, लपवणं किंवा दोघांना झुलवणं. दोन्हीत तो लबाड ठरतो. ठरवून कुणी बदनामी करत नाही, गिरणीत जे घालशील त्याचं पीठच होतं.

मला तीन पर्याय मिळाले. एक, समीरला सरळ गे करा आणि नेहाला बळी, म्हणजे तिची सहानुभूती वर्षभर पुरेल. दोन, तो 'होता' म्हणजे जिवलग मित्र, जो अपघातात गेला, वहिनीचा गैरसमज. तीन, 'होती' करा. तिसरा ठरला. काना काढला, वेलांटी दिली, सीन तसाच शूट झाला. गंमत अशी की 'होती' म्हणायला समीर इतका वेळ का घेतो हे कुणालाच कळेना, दिग्दर्शकालाही. मग ती 'होती' कोण याची गोष्ट लागली, अनिता नावाची मुलगी आली, लाल लिपस्टिक लावून चाळीस भाग नेहाचा संसार उधळत राहिली. ते चाळीस भागही मीच लिहिले. घराचा हप्ता होता.

दुसरं पात्र वन-लाइनमध्येच, म्हणजे कथेच्या आराखड्यातच मेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कायद्याचं पटकन उरकते, कारण तुझा निर्माता तेही काढेल. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला काढून टाकलं. टीव्हीला केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा आणि त्याखालचा प्रोग्राम कोड लागू आहे. त्यात अभिरुची आणि सभ्यता असे सैल शब्द आहेत, पण अशी पात्रं दाखवू नका असं कुठे लिहिलेलं नाही. प्रेक्षकांच्या तक्रारी २०११पासून वाहिन्यांच्याच बीसीसीसी या परिषदेकडे जातात. वेबला तर प्रोग्राम कोड लागूच नाही. त्यामुळे 'कायद्यात बसत नाही' असं कुणी म्हटलं तर कलम विचार. खरी भीती कायद्याची नाहीच. १९९८च्या डिसेंबरात मुंबईत 'फायर' हा दोन बायकांच्या प्रेमावरचा सिनेमा लावलेल्या थिएटरमध्ये तोडफोड झाली तेव्हा मी नुकती या क्षेत्राच्या आसपास घुटमळत होते. ती धास्ती माझ्या पिढीतल्या निर्मात्यांच्या हाडात आहे. आणि 'फायर'मधलीसुद्धा गोष्ट बघ: दोघी जावा, दोघींचे नवरे आपापल्या कारणांनी दूर. नवऱ्याने दुर्लक्ष केलं म्हणून बाईने बाईकडे पाहिलं, असं प्रेक्षकाला सोयीचं कारण त्यातून काढता येतं, आणि पुष्कळांनी ते काढलंही. जुईला असं कारण देऊ नकोस. तिच्यावर लहानपणी काही ओढवलं, बाप दारुडा होता, हॉस्टेलात मुलं नव्हती, यातलं काहीही नको. निखिल आवडायला कुणी तिला कारण विचारत नाही.

मराठी लेखनाला हे जमत नाही असं मात्र समजू नकोस. तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' १९८१ची, म्हणजे 'एल.ए. लॉ'च्या दहा वर्षं आधीची, आणि ते नाटक एका मुलीच्या मुलीवरच्या प्रेमाविषयी आहे, आडपडदा न ठेवता. पण बायचा विषय निघाला की मला सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' आठवते. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक भाडेकरू येतो. मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, मुलगी अनुजाही पडते, आणि तो अनुजाबरोबर निघून जातो, पुढे तिलाही सोडतो. कादंबरी आधी तनय सांगतो, मग अनुजा. भाडेकरू काहीच सांगत नाही. त्याला नावसुद्धा नाही. कादंबरीपुरतं ते अगदी बरोबर आहे, कारण ती सोडून दिल्या गेलेल्या दोघांची गोष्ट आहे आणि तो रिकामपणाच तिचा विषय आहे. पण वाचून झाल्यावर माझ्यातल्या मालिकावालीला रात्रभर एकच प्रश्न पडला होता: त्या भाडेकरूच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसेल? आपल्याकडे जो दोघांवर प्रेम करू शकतो तो नेहमी दुसऱ्यांच्या गोष्टीतलं संकट असतो. तुझी जुई त्या भाडेकरूच्या खुर्चीत बसली आहे आणि यावेळी कॅमेरा तिच्याकडे आहे, हेच तुझ्या सिरीजचं भांडवल.

वेबवर आपल्याकडे एक मोठं नाव झालंय, 'फोर मोअर शॉट्स प्लीज'मधली उमंग. २०१९ची मालिका, बानी जेने केलेली लुधियानाची पोरगी, मुंबईत जिम ट्रेनर, आणि ती बाय आहे हे मालिका लपवत नाही. कौतुक आहेच. पण पहिल्या दोन सीझनमध्ये तिचं मोठं प्रकरण फिल्मस्टार समाराशी आहे, त्यामुळे पाहणाऱ्या कितीजणांना ती लेस्बियनच वाटली. माझ्या बहिणीला वाटली. पुन्हा तेच, शेजारी कोण उभं आहे त्यावरून निकाल.

मग जमलं कुणाला? माझ्या मते ज्यांच्याकडे वेळ होता त्यांना. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'मधली कॅली टॉरेस २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं पडद्यावर होती. तिचं आधी जॉर्जशी लग्न, मग एरिका, मग अ‍ॅरिझोनाशी लग्न, आणि मूल मार्कपासून. दहा वर्षांत प्रेक्षकाने तिला दोन्हीकडे मनापासून प्रेम करताना पाहिलं. ते करणारी सेरा रामिरेझ हिने मालिका सोडल्यावर २०१६मध्ये स्वतः बायसेक्शुअल असल्याचं जाहीर केलं. आपल्या मालिका तर हजार-हजार भाग चालतात. वेळाची गरिबी कुणालाच नाही, तो वेळ अनितावर खर्च होतो.

दुसरं जमलं ते 'ब्रुकलिन नाइन-नाइन'ला. डिसेंबर २०१७मध्ये, नव्व्याण्णवाव्या भागात, डिटेक्टिव्ह रोझा डियाझ आपण बाय आहोत हे सहकाऱ्याला सांगते. तो भाग ठीक. खरी मेजवानी त्यापुढच्या भागात आहे, जिथे ती आईवडिलांना सांगते. ते ओरडत नाहीत, हाकलत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा रोख असा, की पुरुषही आवडतात ना, मग लग्न आणि मुलं होऊ शकतातच की. रोझाला सांगावं लागतं की हो, होऊ शकतात, बाईशीसुद्धा. ते ऐकून मी सोफ्यावर उठून बसले. हे आपल्या घरातलं वाक्य आहे! 'मुलगीपण आवडते ना? मग झालं की. कशाला डोक्याला ताप?' गे मुलाकडे निदान एक भिंत असते, मला जमणारच नाही म्हणून तो पाठ टेकू शकतो. बाय मुलाकडे ती भिंत नाही. त्याला म्हणावं लागतं, जमेल, पण मला हा माणूस हवा आहे. 'जमत नाही' हे मराठी आई रडून का होईना ऐकून घेते. 'जमतं, पण नको' हा तिच्या लेखी नुसता हट्ट. मुलगी बघायचा कार्यक्रम, कांदेपोहे, पत्रिका, मामाचा फोन, ही सगळी यंत्रणा 'मग झालं की'वर चालते. क्रिएटिव्ह हेडने विचारलेला ड्रामा तिथे पोत्याने पडला होता. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, रिक्षात बसल्यावर सुचलं.

पुरुषांचं उदाहरण हवं असेल तर 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड'मधला डॅरिल घे. मध्यमवयीन, घटस्फोटित, एका मुलीचा बाप, वकिलाच्या ऑफिसात साहेब, मिशा, थोडासा बावळट. २०१६मध्ये तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये गाणं म्हणून सांगतो की आपण बाय आहोत. गूढ नाही, देखणा नाही, कुणाला झुलवत नाही. असा एखादा काका आपल्या सोसायटीच्या कमिटीवर सहज असू शकतो, पार्किंगचा हिशेब ठेवणारा. मला तो काका लिहायचाय.

आता जुई. पाठवलेले भाग वाचले. निर्मात्याचं एक म्हणणं मान्य कर: ती काय आहे हे पडद्यावर एकदा स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. तू ते सूचित ठेवलंयस, नजरा, जुना फोटो, निळी ओढणी. सूचित ठेवलं की प्रेक्षक आपल्या सोयीचा अर्थ घेतो, तो म्हणेल, जवळची मैत्रीण होती. कुणीतरी, शक्यतो जुईच, एकदा 'बाय' म्हणू दे. पहिल्या भागात नको आणि भाषण म्हणून तर अजिबात नको. पेशंटच्या गुडघ्याला पट्टी बांधताना म्हणाली तरी चालेल.

निखिलला सगळं आधीपासून माहीत असू दे. तिसऱ्या भागातला मोबाइलमधले मेसेज सापडण्याचा सीन काढ, तो माझ्या कारखान्यातला माल आहे. मग ताण कुठून येणार? निखिलला माहीत आहे, पटलंय, आणि तरी मुग्धाचं नाव निघालं की तो जरा जास्त समजूतदारपणे हसतो. ते हसू लिही. आणि त्याच्या मित्राचा तो विनोद, 'तुझी काय मजा आहे बाबा', तो ठेव, पण निखिलला तिथे मुस्काटात मारायला लावू नकोस. त्याला त्या विनोदावर थोडंसं हसू येऊ दे, आणि जुईला ते दिसू दे. त्या रात्रीचं भांडण मी तुझ्याजागी पाच पानांचं लिहीन.

मुग्धा मेंदीला येऊन बाथरूममध्ये रडते ते नको. तिचंही सहा वर्षांत काहीतरी बरं झालं असेल की. येऊ दे, जेवू दे, बासुंदी दोनदा मागू दे.

आणि मावशीचा सीन, पाचव्या भागात असेल ना? मावशी जुईला विचारते, "निखिलच्या आधी कुणी होतं का गं?" तू जुईला 'होतं' म्हणायला लावलंयस आणि कट. मी तिथे 'होती' लिहीन. माझ्या वेलांटीने समीरचं वाटोळं केलं, तुझ्या जुईला तीच लागते. पण मुख्य गोष्ट, तिथे कट करू नकोस. आम्ही तिथे कापतो कारण आम्हाला ब्रेकवर जायचं असतं. तुला जाहिरात दाखवायची नाही. कॅमेरा मावशीवर ठेव आणि तिला बोलू दे. ती काय बोलेल ते मी सांगणार नाही, नाशिकच्या मावश्या तुला जास्त माहीत.